चौथ्या सुराचं घर

या लेखातली नावं खरी नाहीत, हे आधी सांगून टाकते. गावही मी सास्तूरच्या आसपास कुठंतरी सरकवून ठेवलंय. मला अशी सवय नाही. आमच्या चळवळीच्या पत्रकात मी नाव, हुद्दा, कार्यालय सगळं ठोकून लिहिते आणि खाली स्वतःची सही करते. पण रूथबाईंबद्दल नावानिशी लिहिलं, तर त्यांनी जे वाचवलं तेच मी बुडवीन. बाई आता नाहीत. त्यांचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. ज्यांचं करता येतं ते अजून नोकरीवर आहेत.

गावाच्या लेखी रूथबाई म्हणजे ब्लाऊज शिवणारी बाई. भूकंपात पोरक्या झालेल्या मुलींसाठी इथं एक वसतिगृह उभं राहिलं, त्याच्यासोबत त्या आल्या. मुली मोठ्या झाल्या, लग्नं होऊन गेल्या, पैसे पाठवणारे दुसऱ्या संकटाकडं वळले, वसतिगृहाला कुलूप लागलं. बाई राहिल्या. एक पत्र्याचं चर्च, त्याला चिकटून एक खोली, खोलीत शिलाई मशीन आणि पेटी. पेटी म्हणजे बाजाची पेटी. तिचा भाता ब्लाऊजच्या अस्तराच्या कापडानं जागोजाग सांधलेला होता.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात चर्चच्या बाजूनं आलेला वारासुद्धा गाळून घ्यायची पद्धत. पण आईचे ब्लाऊज बाईंकडंच. ती म्हणायची, "धर्म तिचा तिच्यापाशी. ती बाई खोटं बोलत न्हाय, शिवणाऱ्यांत असं माणूस घावत न्हाय." झालं होतं असं, की एकदा आईचं कापड बाईंच्या हातून वाकडं कापलं गेलं. त्यांनी आतून जोड देऊन ते असं शिवलं की उलटं करून पाहिलं तरी कळलं नसतं. तरी दुपारच्या उन्हात त्या आमच्या दारात आल्या. बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "डाव्या काखेत जोड आहे. दिसणार नाही. पण आहे." आणि शिलाई न घेता गेल्या.

गाण्यातही तसंच. चर्चमध्ये त्या सगळ्यांसमोर, लोकांकडं पाठ करून उभ्या राहायच्या. ठेंगणी मूर्ती, जाड चष्मा, पदर कमरेला खोचलेला. कुणाचा स्वर केसभर घसरला की डावा तळहात वर. बोलायच्या नाहीत. हात वर गेला की जिथं असेल तिथं गाणं बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका म्हाताऱ्याला माती द्यायच्या वेळी त्यांनी दफनभूमीत असं गाणं तोडलं. शवपेटी दोरांवर अर्धी खाली गेलेली, दोर धरणाऱ्यांचे हात सोलत चाललेले. चर्चच्या पंचांपैकी एकजण कुजबुजला, बाई, आजच्या दिवस चालवून घ्या. बाई मागं न वळता म्हणाल्या, "मेलेल्याला घाई नसते."

ही चर्चमधली माणसं कोण, तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बहुतेक मातंग. भूकंपात सगळ्यांची घरं सारखीच पडली होती. नवं गाव सरळ रांगांत बसवलं, रुंद रस्ते केले. आणि एवढं करून यांची रांग शेवटीच आली. जास्त जमीनवाल्याला मोठं घर, भूमिहीनाला खोली. जमीन कुणाकडं नव्हती, ते मी सांगायला नको. म्हणजे भूकंपानं जे पाडलं ते आपण सिमेंटमध्ये परत उभं केलं. या शेवटच्या रांगेतली काही घरं रविवारी चर्चमध्ये जायची. कागदावर ती हिंदूच होती. बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता, आणि तो का घेतलेला नव्हता हे महिन्यातून एकदा येणाऱ्या पाळकांनाही ठाऊक होतं. ते विचारत नसत.

माझा बाईंशी संबंध आला तो टँकरच्या पाण्यावरनं. पाणी पहिल्या रांगांना पुरायचं, शेवटच्या रांगेला हंडे वाजवत बसावं लागायचं. मी धाराशिवला कॉलेज संपवून आमच्या गटाचं काम करत होते, चार टाळकी आणि एक झेरॉक्सवाला उधारीवर, एवढाच गट. गावात बैठक घ्यायची तर समाजमंदिराची किल्ली सापडेना. ती कधीच सापडत नाही. बाईंनी चर्च उघडून दिलं. बैठक संपल्यावर माझं पत्रक चष्म्याजवळ धरून वाचलं आणि म्हणाल्या, "गौरे, तुझी सगळी वाक्यं वरच्याच पट्टीत ओरडतात. खाली कुणी गातच नाही."

मी म्हटलं, अन्यायावर खालच्या पट्टीत लिहायचं का?

"सगळी वर गेली की ओरडाच ऐकू येतो. काय म्हणताय ते ऐकू येत नाही."

मला राग आला होता. अजूनही ते मला पटलेलं नाही. पण त्यानंतर मी सरावाला जाऊन मागं बसायला लागले.

त्या एकच मोठं गाणं शिकवायच्या. लहानसहान उपासनेची गाणी असायचीच, पण खरं काम हे एकच. देवाच्या गौरवाचं, बऱ्याच तुकड्यांचं, लॅटिनमधलं. शब्द देवनागरीत लिहून घरोघर भिंतीला चिकटवलेले. आमच्या चुलतीनं एकदा विचारलं, ही कुठली भाषा? बाई म्हणाल्या, त्यांचं संस्कृत. चुलती म्हणाली, मग यांना कळतं का? बाईंनी विचारलं, "तुम्हाला सत्यनारायणाची पोथी कळते का?" चुलती म्हणाली, आम्ही सत्यनारायण करत न्हाय, आम्ही लिंगायत. तेवढ्यावर दोघी हसल्या आणि विषय संपला. चर्चचे एक जुने पंच मात्र गप्प बसले नाहीत. हे रोमी लोकांचं, कॅथलिकांचं आहे, आपल्यात चालत नाही, म्हणाले. बाईंनी त्यांना विचारलं, तुमची रक्तदाबाची गोळी कुणाच्या धर्माची आहे.

ते गाणं करणारा माणूस तीनशे वर्षांपूर्वीचा, इटलीतला. बाई त्याच्याबद्दल अशा बोलायच्या जसं काही त्यांचा लांबचा मामा. नाव कधी घ्यायच्या नाहीत, नुसतं 'तांबड्या'. केस तांबडे होते म्हणून. होता पाद्री, पण पूजाअर्चा सोडून दिली आणि अनाथ मुलींना गाणं-वाजवणं शिकवत बसला. त्याचं शहर पाण्यात. रस्त्यांच्या जागी पाणी, दारापाशी होडी. हे ऐकल्यावर शेवटच्या रांगेतलं एक पोरगं म्हणालं होतं, "बाई, मग तिथं टँकर लागत नसंल." बाई म्हणाल्या, ते पाणी खारं. पोरगं म्हणालं, "मग आपल्यावानीच की."

त्या अनाथालयाच्या भिंतीत एक कोनाडा होता म्हणे. नको असलेलं लेकरू लोक तिथं ठेवून जायचे. त्याच मुली मोठ्या होऊन गायच्या, आणि लोक लांबलांबून ऐकायला यायचे. पण मुलींनी दिसायचं नाही. त्या उंचावर जाळीमागं उभ्या राहायच्या. गाण्यात चार सूर असतात, वरचे दोन बायकांचे, खालचे दोन पुरुषांचे. तिथं पुरुष नव्हतेच. म्हणून खालचे सूरही मुलीच गायच्या, अगदी खर्जसुद्धा. खाली बसलेल्यांना वाटायचं, आत कुणीतरी बाप्या आहे. म्हातारपणी तांबड्या काम शोधत परक्या देशात गेला आणि तिथंच गरिबांच्या दफनभूमीत पुरला गेला. त्याचे कागद मठांत आणि कपाटांत पडून राहिले. दोनशे वर्षं हे गाणं कुणी गायलं नाही.

"खराब नाही झालं?" मी विचारलं होतं.

"ते काय लोणचं आहे?"

बाईंना हे सगळं कुठनं ठाऊक, तर त्या स्वतः एका मिशन वसतिगृहात वाढलेल्या. तिथं दक्षिणेकडची एक म्हातारी संगीतशिक्षिका होती, तिनं मुलींकडून हे गाणं चारी सुरांत बसवून घेतलं होतं. "मला भिंतीत नाही ठेवलं," बाई एकदा म्हणाल्या, "पायरीवर ठेवलं."

आता त्यांची शिकवायची रीत. अशी रीत मी दुसरीकडं कुठंच पाहिली नाही. चार सूर त्यांनी चार घरांना वाटून दिले होते. माणसांना नाही, घरांना. पहिला सूर एका घरात, दुसरा दुसऱ्या, तसं. त्या घरातली आजी, सून, नातू, जे कोण गाईल ते त्याच सुरात. दुसऱ्या घराचा सूर शिकायचा नाही. गुणगुणायचाही नाही. एका घरातल्या पोरानं गंमत म्हणून शेजारचा सूर गायला, तर बाईंनी त्याला पंधरवडाभर गाण्यात घेतलं नाही. सून आली की तिला सूर लागायचा, मुलगी सासरी गेली की सुटायचा. रांगेत बोलणंच तसं झालं होतं: तिसऱ्या सुराच्या घरी बारसं आहे, दुसऱ्या सुराच्या घरी भांडण लागलंय. मी म्हटलं, बाई, हे म्हणजे पुन्हा वतनच झालं की. बाई म्हणाल्या, "चारी सूर एका घरात गेले तर त्या घराला शेजाऱ्याची गरज राहत नाही. मग ते रविवारी कशाला येईल?"

चौथा सूर, म्हणजे खर्ज, यशवंताच्या घरात होता. यशवंता सास्तूर-लोहारा रस्त्यावर काळीपिवळी चालवायचा. आवाज असा की प्रवाशांना हाक मारली तर दोन थांब्यांवर ऐकू जावी. त्याचा भाऊही तसाच. आणि त्याची मुलगी अनिता, तिचाही आवाज बापावर गेलेला. शाळेत तिला पोरं घोगरी म्हणून चिडवायची, फोनवर लोक तिला 'दादा' म्हणायचे. यशवंताची बायको काळजीनं बाईंकडं आली होती, पोरीला काही औषध असलं तर बघा म्हणून. बाईंनी अनिताला जाळीमागच्या मुलींची गोष्ट सांगितली आणि बापाशेजारी उभं केलं. त्या घरात मग बाप, चुलता आणि मुलगी असे तिघं खर्ज गायचे, आणि ते गायला लागले की पत्र्याचे खिळे वाजायचे. गाण्यात शांतीबद्दलचा एक तुकडा आहे, संथ, जड. तो सुरूच खालून होतो असं मला वाटायचं. मी एकदा बाईंना विचारलं, शांतीचं गाणं एवढं रडवं का?

"मागतायत ते. मिळालेली नाही."

अनिता नर्सिंग शिकली. सरकारी भरतीत तिची निवड झाली, राखीव जागेवर. शेवटच्या रांगेतली पहिली सरकारी नर्स. नाताळ जवळ होता. खर्जवाले नेहमी मागं उभे राहतात, बाईंचाच तो नियम. पण त्या नाताळला बाईंनी अनिताला हाताला धरून पुढं आणलं आणि सगळ्यांच्या मधोमध उभं केलं. एवढंच बाईंनी केलं. बाकीचं चुलत्यानं. त्यानं मोबाईलवर गाण्याची चित्रफीत काढली आणि स्टेटसला टाकली: आमची अनिता, सरकारी सिस्टर, सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. अंगावर स्वतःच्याच हातानं चिठ्ठी डकवावी तसं. पण त्याला दोष देणाऱ्यानं आधी आपल्या घरात कुणी पहिल्यांदा नोकरीला लागलं होतं तेव्हा आपण काय काय केलं ते आठवावं.

महिन्याभरात तक्रार गेली. उमेदवार प्रत्यक्षात ख्रिस्ती आहे, सबब अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र रद्द करावं. सही 'एक जागरूक नागरिक'. तो कोण, हे गावाला ठाऊक आहे. त्याचा भाचा त्याच यादीत अनिताच्या खाली होता.

इथं मी पत्रकाच्या भाषेत बोलणार, माफ करा अथवा करू नका. दलित माणूस हिंदू असला, शीख असला, बौद्ध असला तर त्याची जात कायद्याला दिसते. तो येशूचं नाव घ्यायला लागला की कायदा म्हणतो, तुझी जात गेली. गेली? मग शेवटची रांग का नाही गेली? हॉटेलात यशवंतासाठी बाहेर ठेवलेला कप का नाही गेला? टँकर का नाही आधी आला? जात गावानं ठेवून घ्यायची आणि सवलत सरकारनं काढून घ्यायची, याला न्याय म्हणणाऱ्यानं एक आठवडा त्या रांगेत राहून दाखवावं. आणि चर्चवाल्यांनाही सोडत नाही. पंचांपैकी एकजणही यशवंताच्या दारात गेला नाही. आपल्या पोरांचीही प्रमाणपत्रं आहेत, उगाच नजर नको, असा विचार. गप्प बसण्यात सगळे अगदी एका सुरात होते.

यशवंता बाईंकडं आला तेव्हा मी तिथं होते. तो खोलीच्या उंबऱ्यावर बसला. नोकरी गेली तर पोरगी काही करून घेईल, एवढंच म्हणाला. मी मात्र बोलले. मी म्हटलं, लढू. पत्रक काढू, मोर्चा नेऊ, वकील बघू, वरच्या कोर्टापर्यंत जाऊ. हा प्रश्न एका अनिताचा नाही.

बाई मशीनवर शिवत होत्या. पाय थांबवून म्हणाल्या, "तुझी लढाई किती वर्षांची?"

"ते कसं सांगता येईल?"

"तिला येत्या महिन्यात रुजू व्हायचंय."

आणि परत शिवायला लागल्या.

चौकशीला जात पडताळणी समितीच्या दक्षता पथकाची दोन माणसं आली. एक साहेब आणि एक लिहून घेणारा. साहेब उर्मट नव्हते, चहा नको म्हणाले आणि आभारही मानले. चर्चमध्येच बसले. दार उघडं होतं. मी आणि दोन पंच मागच्या बाकावर. यशवंता बाहेर बाभळीखाली गाडीत बसलेला, घरची माणसं घरात कोंडून. साहेबांनी मोबाईलवर ती चित्रफीत लावून बाईंपुढं धरली.

"ही मुलगी चर्चला येते?"

"नाताळला अख्खं गाव येतं. केक असतो."

"बाप्तिस्मा?"

"नाही झालेला."

हे खरंच होतं. आतापर्यंत सगळंच खरं होतं.

"पण गाते तर आहे."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "ओठ हलवतेय. तिला सूर नाही."

"शिकवलं नाही तुम्ही?"

"सूर नसलेल्याला काय शिकवणार?"

लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं. साहेबांनी मोबाईलचा आवाज वाढवला. पत्र्याखाली तो खर्ज भरून आला, मोबाईलच्या डबड्यातूनसुद्धा. साहेब म्हणाले, "हा खालचा आवाज कुणाचा? मोबाईल तिच्या समोर धरलाय, तिचाच येतोय. बाप्यांचा वेगळा ऐकू येतो."

"माझा आहे."

"तुमचा?"

"मी मोबाईलकडं पाठ करून उभी आहे. माझं तोंड दिसत नाही."

साहेबांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. पासष्टी ओलांडलेली, चार फूट काही इंच उंचीची बाई. बोलण्याचा आवाज पातळ. ते म्हणाले, "राग मानू नका. गाऊन दाखवता?"

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं.

बाई उठल्या. पेटीकडं गेल्या नाहीत. जागेवरच उभं राहून त्यांनी शांतीचा तो तुकडा चौथ्या सुरात सुरू केला. आवाज इतका खालून आला की तो त्यांच्या अंगात कुठं होता तेच कळेना. खरखरत होता, कडा तुटलेल्या होत्या, पण एकही स्वर जागचा हलला नाही. तेव्हा मला समजलं, की त्या म्हाताऱ्या शिक्षिकेनं रूथ नावाच्या मुलीला कुठल्या रांगेत उभं केलं होतं. इतकी वर्षं त्यांनी तो सूर आम्हा कुणालाच ऐकवला नव्हता, कारण तो त्यांनी यशवंताच्या घराला देऊन टाकला होता. त्या मध्ये थांबल्या नाहीत. शेवटपर्यंत गायल्या. बाहेर काळीपिवळी सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती निघून गेली.

साहेबांना गाण्यातलं काही कळत होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. जबाब वाचून दाखवला. सही करण्याआधी बाईंनी विचारलं, "तिला सूर नाही, असं आलंय ना त्यात?"

"आलंय."

बाईंनी सही केली.

मला वाटलं होतं, आता यशवंताच्या घरी गोडधोड होईल. पुढच्या रविवारी ती सगळी माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली. बाई दारात उभ्या होत्या. आत घेतलं नाही. यशवंता हसून म्हणाला, बाई, ते सायबाला सांगायपुरतं होतं की. बाईंनी त्याला सांगितलं, की मी सही केली आहे, आणि सही केलेलं मला खरं करावं लागेल. तुमचं इथं काही नाही. पुन्हा येऊ नका. मग अनिताकडं बघून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुला सूर नाही. ओठ हलवायलाही येऊ नकोस."

अनिताची आई बोलली. "बाई, नोकरी दिली न् घर नेलं आमचं," असं म्हणून ती चप्पल न घालता तशीच परत फिरली.

मी बाईंशी भांडले. मी म्हटलं, हे तुम्ही सरकारचंच काम केलं. त्यांना जे हवं होतं, की ही माणसं इथं दिसू नयेत, ते तुम्ही स्वतःच्या हातानं करून दिलंत. खोटं बोलला होतात, ते ठीक होतं. खोटं बोलून लोक सुखानं जगतात. तुम्हाला ते खरं का करायचंय? बाई म्हणाल्या, पुन्हा चौकशी झाली तर? कुणी पुन्हा मोबाईल धरला तर? तेही बरोबर होतं. पण कारण तेवढंच नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्यानंतर त्या समोर उभ्या राहिल्या नाहीत. मागं, यशवंताच्या घराच्या जागी जाऊन उभ्या राहायच्या आणि चौथा सूर एकट्या गायच्या. चौथा सूर दुसऱ्या कुणाला द्या, असं पंच म्हणाले. त्यांनी दिला नाही. गाणं आता रेटल्यासारखं व्हायचं. पहिला सूर पुढं पळायचा, तिसरा मागं राहायचा, आणि कुणी थांबवायचं नाही. मी विचारलं, हात का वर करत नाही? म्हणाल्या, "आता उठत नाही." मला आधी वाटलं, खांदा दुखतोय.

हळूहळू माणसं कमी झाली. ज्यांच्या पोरांची प्रमाणपत्रं निघायची होती ती आधी गेली. मग ज्यांना निघून गेलेल्यांची आठवण यायची ती. दोन वर्षांत ते मोठं गाणं बंदच पडलं. यशवंता रस्त्यावर बाई दिसल्या की गाडी हळू करायचा. बाई तोंड फिरवून कुंपणाकडं बघायच्या. ब्लाऊज शिवणं चालू होतं. आई म्हणायची, "शिवतात चांगलंच, पण बोलत न्हाईत."

अनिताला वैधता प्रमाणपत्र मिळालं. ती रुजू झाली. जागरूक नागरिक तिथंही थांबला नाही, तो कोर्टात गेला. तारखा पडत राहिल्या, अजून पडतायत.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात. छातीत पाणी झालं होतं. मला कळलं तेव्हा त्यांना दाखल करून बरेच दिवस झाले होते. बायकांचा वॉर्ड, भिंतीकडची खाट. त्या खाटेवर उशीएवढ्याच दिसत होत्या. नातेवाईक कोण म्हणून विचारल्यावर त्यांनी कुणी नाही असं सांगितलं होतं. शेजारच्या खाटेवर लोहाऱ्याकडची एक बाई, तिच्या उशापायथ्याशी तिच्या दोन सुना. आमच्या बाजूची माणसं, आमच्या गावातही त्यांची सोयरीक, म्हणजे इथलं बोलणं जागरूक नागरिकाच्या कानी जायला वेळ लागणार नव्हता. मी आल्यापासून तिघी कान देऊन होत्या. तुम्ही कुणाच्या, गाव कोणतं, सगळं विचारून झालं होतं.

तेवढ्यात औषधाचा ट्रे घेऊन अनिता आली. तिची ड्यूटी त्याच वॉर्डात होती, हे मला माहीत नव्हतं. बाईंना किती दिवसांपासून माहीत होतं, देव जाणे. मी उठलेच. बाईंनी पांघरुणाखालून माझं मनगट धरलं. जोर नव्हता, पण सोडलं नाही.

"आजी, हात सैल सोडा," अनिता म्हणाली.

बाईंनी दुसरा हात सैल सोडला. अनितानं सुई तपासली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं ते एखाद्या खाटेकडं पाहावं तसं. शेजारच्या सुनांपैकी एक जरा पुढं वाकली. तिच्याकडं बाईंचं लक्ष होतं. त्यांनी धाप आवरली आणि त्या सुनेला नीट ऐकू जाईल असं विचारलं, "सिस्टर, तुम्ही नव्या दिसता. गाव कुठलं तुमचं?"

अनिताचा हात सलाईनच्या नळीवर होता. तो तिथंच राहिला.

"भूम," ती म्हणाली.

भूम म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथं तिचं कुणी नाही.

"आईवडील?"

"तिकडंच असतात. बरे आहेत."

"मग ठीक," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

पुढं वाकलेली सून मागं सरकली. अनितानं नळीतल्या थेंबांचा वेग कमी केला, बाईंची चादर छातीपर्यंत ओढली आणि ट्रे उचलून पलीकडच्या खाटेशी गेली. तिथं कुणी एक म्हातारी कण्हत होती. अनिता तिच्यावर वाकली आणि त्याच खालच्या, जड आवाजात म्हणाली, "आजी, हात सैल सोडा."